पायांच्या व्यायामातील काठिण्य : बल, दम आणि बैठक

१. संज्ञा

पायांचा सर्वांत कठीण व्यायाम कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण त्यातील ‘कठीण’ या शब्दाला एकच अर्थ नाही. तालमीत हजार बैठका काढणारा पैलवान आणि स्वतःच्या वजनाच्या दुप्पट भार खांद्यावर घेऊन एकदाच खाली बसून उठणारा भारोत्तोलक, दोघेही कठीण कर्म करतात. परंतु पहिल्याचे कर्म दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे पहिल्याला बहुधा साधत नाही. म्हणून प्रथम संज्ञा निश्चित करणे अवश्य आहे.

स्नायूला एका प्रयत्नात उत्पन्न करता येणारी कमाल ओढ म्हणजे बल. येथे ‘जोर’ हा शब्द हेतुतः टाळला आहे. तालमीच्या भाषेत जोर हे हातांवर अंग तोलून काढायच्या एका व्यायामाचेच नाव आहे, आणि एकाच विवेचनात तो दोन अर्थांनी आला तर घोटाळा होईल.

कमालीहून कमी असलेली ओढ वारंवार किंवा दीर्घकाळ उत्पन्न करीत राहण्याची क्षमता म्हणजे दम. मराठीत या शब्दाचे दोन प्रयोग आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत : ‘त्याला दम लागला’ यात दम म्हणजे क्षमतेचा शेवट, तर ‘त्याच्यात दम आहे’ यात क्षमतेचे अस्तित्व. विरोध वरवरचा आहे. दम लागतो तो श्वासाला, म्हणजे हृदय व फुप्फुसे मिळून स्नायूला प्राणवायू पुरवणाऱ्या यंत्रणेला. दम असतो किंवा नसतो तो मात्र केवळ श्वासाचा नव्हे. श्वास शांत असतानाही पाय भरून येतात आणि उठवत नाही, हा अनुभव सर्वांना आहे. यावरून दमाचे दोन प्रकार पडतात : (१) सार्वदैहिक दम, जो श्वासाने मोजला जातो, (२) स्थानिक दम, जो पाय भरून येण्याने मोजला जातो. पायांच्या व्यायामात हे दोन्ही एकदम क्वचितच संपतात. कोणता आधी संपतो, यावरून त्या व्यायामाची जात ओळखता येते.

काठिण्य म्हणजे व्यायामाची मागणी आणि करणाऱ्याची क्षमता यांचे गुणोत्तर. ते व्यायामात वसत नाही. व्यायाम आणि व्यायामी यांच्या संबंधात वसते. हे मान्य केले की काठिण्याचे तीन प्रकार सहज निष्पन्न होतात. ओढ कमालीच्या निकट गेल्याने येणारे ते भारजन्य, आवृत्ती किंवा अवधी वाढल्याने येणारे ते कालजन्य, आणि देह अस्थिर झाल्याने येणारे ते तोलजन्य.

तिसऱ्या प्रकाराचा निकाल येथेच लावणे इष्ट. डुगडुगत्या फळीवर किंवा हवा भरलेल्या चेंडूवर उभे राहून काढलेली बैठक निःसंशय कठीण असते. परंतु तोल सांभाळण्यात लक्ष व श्रम खर्च झाल्याने मांडीला कमाल ओढ लावताच येत नाही. घोट्याच्या दुखापतीनंतर तोल परत मिळवायचा असेल तर अशा साधनांना स्थान आहे. बल किंवा दम हे साध्य असेल तर त्यांचे काठिण्य हा केवळ आभास ठरतो. पुढील विवेचन त्यामुळे पहिल्या दोन प्रकारांपुरते मर्यादित आहे.

२. करण

पायाच्या कार्यकारी स्नायूंचे चार गट पुरेसे आहेत : नितंबस्नायू, मांडीच्या पुढचा चतुःशिरस्क, मांडीच्या मागचे तीन स्नायू (ज्यांना खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात), आणि पोटरी. यांतील काही स्नायू एकच सांधा ओलांडतात, काही दोन. चतुःशिरस्काच्या चार शिरांपैकी एकच खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडते. पोटरीच्या दोन मुख्य स्नायूंपैकी वरचा गुडघा व घोटा दोन्ही ओलांडतो, खालचा सोलियस मात्र केवळ घोटा. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि काम सोलियसवर येते. म्हणून उभ्याने चवड्यांवर उठणे आणि बसून चवड्यांवर उठणे हे दोन भिन्न व्यायाम आहेत, जरी पाहणाऱ्याला टाच उचलली जाते एवढेच दिसते.

स्नायूतील तंतू मुख्यतः दोन जातींचे : मंद तंतू, जे ओढ कमी देतात पण सावकाश थकतात, आणि जलद तंतू, जे ओढ अधिक देतात पण लवकर थकतात. सोलियस हा बहुतांशी मंद तंतूंचा स्नायू आहे, कारण दिवसभर उभे ठेवणे हे त्याचे काम. हे तंतू मज्जासंस्था कोणत्या क्रमाने कामाला लावते, याचा नियम हेनमन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिला : एक मज्जापेशी आणि तिच्या ताब्यातील तंतू हा एक घटक धरला, तर लहान घटक (मुख्यतः मंद तंतूंचे) आधी, मोठे नंतर. हलक्या कामाला लहान घटक पुरे होतात. मोठ्यांना हाक तेव्हाच जाते, जेव्हा भार वाढतो किंवा लहान घटक थकतात. पुढील सर्व युक्तिवाद या एका नियमावर उभा आहे.

३. बैठक

दोन्ही पायांवर उभे राहून, खुबा व गुडघा पूर्ण वाकवून खाली बसणे आणि पुन्हा उभे राहणे, ही या विषयातील मूलक्रिया. तिचे दोन भेद मराठी भाषेनेच केले आहेत. शाळेत शिक्षा म्हणून कान धरून काढतात त्या उठाबशा. तालमीत काढतात त्या बैठका. क्रिया जवळजवळ तीच, परंतु बैठकीत लय आहे, हातांचा झोका आहे, आणि खाली जाताना टाचा उचलून भार चवड्यांवर घेण्याची रीत आहे. टाच उचलल्याने गुडघा पुढे जातो आणि कामाचा मोठा वाटा चतुःशिरस्काकडे येतो. टाच टेकलेली ठेवून कंबर मागे नेली तर तो वाटा नितंबाकडे सरकतो. बारबेल खांद्यावर घेऊन केलेल्या स्क्वॉटमध्ये सामान्यतः ही दुसरी रीत असते.

बैठकीच्या अवस्था तीन. अवरोह : स्नायू ताणला जात असताना भाराला आवरतो. स्थिती : लांबी न बदलता धरून ठेवतो. आरोह : आखडत भार उचलतो. या तीन अवस्थांचे धर्म वेगळे आहेत. अवरोहात स्नायू आरोहापेक्षा अधिक ओढ सहन करतो, तरीही प्राणवायूचा खर्च कमी होतो. १९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी याचा एक मार्मिक प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचे, दुसऱ्याने तेच पेडल उलट फिरत असताना रोखायचे. दोघांवरील ओढ सारखी, पण रोखणाऱ्याचा प्राणवायूचा खर्च पेडल मारणाऱ्यापेक्षा बराच कमी निघाला. अवरोह स्वस्त आहे, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल होते. गड चढताना धाप लागते आणि उतरताना लागत नाही. तरी दुसऱ्या सकाळी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरण्याने. ही वेदना सामान्यतः २४ ते ७२ तासांत शिखर गाठते आणि तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेतून येते. तोच अवरोह थोड्या दिवसांनी पुन्हा केला तर वेदना कमी होते, हेही तितकेच निश्चित आहे.

आता बैठकीचे परिमाण मोजता येते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या बैठकीत पोटऱ्या व पावले जवळजवळ जागीच राहतात. वरखाली होते ते सुमारे ६० किलो, आणि ते सुमारे अर्धा मीटर. एका आरोहाचे कार्य सुमारे ३०० ज्यूल. पाचशे बैठकांचे दीड लाख ज्यूल. तेवढ्याच कार्यात तोच माणूस साधारण २१० मीटर उंचीची टेकडी चढू शकतो. आणि प्रत्येक आरोहाला अवरोह जोडलेला असल्याने, ती उतरूही शकतो. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. तेथे रोज सकाळी चढउतार करणारे जे करतात त्याचीच ही एकवटलेली आवृत्ती, फरक इतकाच की पायरीवर गुडघा थोडा वाकतो आणि बैठकीत पूर्ण. स्नायू ऊर्जेच्या सुमारे एकचतुर्थांशाचेच कार्यात रूपांतर करतो असे धरले, तर या पाचशे आरोहांचा खर्च सुमारे १४० किलोकॅलरी, म्हणजे एका मध्यम भाकरीच्या आसपास भरतो. पैलवानाच्या खुराकाचे समर्थन केवळ बैठकांच्या आकड्यावरून करता येत नाही, एवढे यावरून दिसते.

४. बैठक बलाचा व्यायाम आहे काय

गामा पैलवान (१८७८–१९६०) रोज हजारोंच्या संख्येने बैठका काढीत असे सांगितले जाते; पाच हजार हा आकडा विशेष रूढ आहे. आकड्याची खातरजमा करणे येथे अप्रस्तुत. प्रश्न असा : हा आकडा कशाचे माप आहे?

समजा, मागील कलमातील ७० किलो वजनाचा माणूस ७० किलोचा बारबेल खांद्यावर घेऊन जेमतेम एकदा उठू शकतो. त्या वेळी त्याचे पाय ६० अधिक ७०, म्हणजे १३० किलो उचलतात. नुसत्या बैठकीत ते ६० किलो उचलतात. कमालीच्या निम्म्याहूनही कमी. हेनमनच्या नियमानुसार इतक्या भाराला आरंभी लहान घटकच पुरतात. माणूस जसजसा बलवान होतो तसतसे हे गुणोत्तर आणखी उतरते, म्हणजे बैठक त्याला सोपी होते आणि आकडा वाढतो. वाढणारा आकडा बल वाढल्याचा परिणाम असू शकतो; परंतु एका मर्यादेपुढे तो बल वाढवण्याचे कारण राहत नाही. नवशिक्याला पहिल्या दहा बैठका बलाचा व्यायाम असतात. शंभर काढणाऱ्याला त्याच दहा केवळ अंग गरम करण्याच्या कामी येतात. क्रिया बदलली नाही, तिची जात बदलली. गामाचा आकडा हे दमाचे माप आहे, आणि दमाचे माप म्हणून तो प्रचंड आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हलका भारही थकून पडेपर्यंत उचलला तर शेवटी मोठे घटक कामाला लागतातच. मग बल का वाढू नये? स्नायूचा आकार अशा रीतीने वाढतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु आकार हा बलाचा एकच अंश. दुसरा अंश मज्जासंस्थेचा : सर्व घटकांना एकाच क्षणी, पूर्ण वेगाने हाक देण्याचे कौशल्य. ते जड भार उचलल्यानेच येते. म्हणून समान आकाराच्या मांड्यांतही कमाल बल भाराचा सराव असलेल्याकडे अधिक आढळते. शिवाय पाचशे बैठकांत पहिल्या साडेचारशे थकव्यापर्यंत पोहोचण्यासाठीच खर्च होतात. बलासाठी हा मार्ग फार लांबचा आहे.

तालमीतील पैलवान तरीही बलवान असतो, कारण तो केवळ बैठका काढीत नाही. लढतीत जोडीदार हाच त्याचा भार असतो, आणि तो भार स्थिर नसतो, प्रतिकार करतो. बैठकांनी दम येतो, बल लढतीतून येते. आकड्याचे कौतुक करताना हा वाटा बहुधा विसरला जातो.

५. भारजन्य काठिण्य वाढवण्याचे मार्ग

भार वाढवण्याचा सरळ मार्ग म्हणजे बाहेरून भार घेणे. त्याची शिस्तबद्ध मांडणी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या उपचारातून झाली. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने १९४५ साली दाखवले की दुबळ्या मांडीला अनेक हलक्या आवृत्त्यांपेक्षा थोड्या जड आवृत्त्यांनी अधिक बल येते, आणि बल वाढेल तसा भार वाढवत न्यावा लागतो. आज जिममध्ये ‘दहाचे तीन सेट’ म्हणून जे सर्रास सांगितले जाते त्याचे मूळ येथे आहे.

बारबेल नसेल तर दुसरा मार्ग : एक पाय काढून घेणे. एका पायावर पूर्ण बैठक काढताना दुसरा पाय पुढे हवेत असतो, म्हणून जागी राहते ती एकच पोटरी, आणि एका पायावर सुमारे ६५ किलो येतात. दोन पायांच्या बैठकीत प्रत्येकी ३० येत होते. भार दुपटीहून अधिक झाला. आणखी पाहिले तर ७० किलोचा बारबेल घेतलेल्या दोन पायांवरही प्रत्येकी ६५ किलोच येतात. म्हणजे देहाच्या वजनाइतका बारबेल आणि एकपायी बैठक, पायाच्या दृष्टीने यांचे परिमाण एकच. तोलाचा काही अंश येथे शिरतो, हे खरे; त्यामुळे ही समता काटेकोर नाही. तो अंश कमी करायचा तर मागचे पाऊल बाकावर ठेवून पुढच्या पायाने बसावे. जिममध्ये याला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात. मागचा पाय थोडा भार घेतो, पण तोल स्थिर होतो आणि हातात वजन घेता येते. स्वच्छ भारजन्य काठिण्य हवे असेल तर एकपायी बैठकीपेक्षा हा प्रकार श्रेष्ठ मानावा.

तिसरा मार्ग अवरोहाचा, आणि भारजन्य काठिण्यात हाच सर्वांत तीव्र. गुडघ्यांवर उभे राहावे, मागे जोडीदाराने घोटे दाबून धरावेत, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग ताठ ठेवून जमिनीकडे शक्य तितके सावकाश झुकत जावे. यात खुबा वाकत नाही. पडू पाहणारे सर्व अंग मांडीमागचे तीन स्नायूच आवरतात. बहुतेक धडधाकट माणसे पहिल्या प्रयत्नात अर्ध्या वाटेत हातांवर कोसळतात. फुटबॉल खेळाडूंत या व्यायामाने मांडीमागच्या स्नायूंच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. बैठक हा गट फारसा घडवत नाही, कारण तीत तो खुब्याशी आखडतो आणि गुडघ्याशी लांबतो, एकूण लांबी थोडीच बदलते. केवळ बैठकांवर वाढलेल्या पायाचे वैगुण्य येथे आहे. कबड्डीत चढाई करून निसटताना लागणारा झपाट्याचा वेग याच गटावर पडतो.

६. गुडघा

पूर्ण बैठकीने गुडघे जातात, हा समज व्यापक आहे. टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी १९६१ च्या सुमारास खोल बैठकीने गुडघ्याचे बंध सैल होतात असे प्रतिपादिले आणि त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. नंतरच्या तपासणीत त्याला पुष्टी मिळाली नाही. वाटीवरचा दाब गुडघा काटकोनापर्यंत वाकेतो वाढतो, हे खरे. त्यापुढे मांडी पोटरीला टेकते आणि काही भार वाटून घेते. निरोगी गुडघ्याला धोका खोलीचा नाही. तळाशी सैल होऊन आदळण्याचा आहे, आणि अचानक वाढवलेल्या आकड्याचा. उकिडवे बसण्याची सवय असलेल्यांना खोली मुळातच परकी नसते. आधीच दुखणाऱ्या गुडघ्याचा विचार वेगळा. तो वैद्याचा विषय आहे.

७. कालजन्य काठिण्य आणि दोहोंचा संगम

कालजन्य व्यायामांत बैठकीखेरीज एक स्थितिप्रधान प्रकार आहे : भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात ठेवून, खुर्चीवाचून बसणे. हालचाल नसते, श्वास जवळजवळ शांत असतो, आणि तरी दोन मिनिटांत मांड्या पेटतात. कारण सतत आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि पुरेसा प्राणवायू आत येऊ शकत नाही. सार्वदैहिक दम शाबूत, स्थानिक दम संपलेला, असे याचे लक्षण. याउलट टेकडी वेगाने चढताना श्वास आधी संपतो. बैठक या दोन टोकांच्या मधे आहे. वेग वाढवला तर ती श्वासाकडे झुकते, वेग कमी केला तर पायाकडे. वस्तादाने ठेक्यावर बैठका घेण्याचे महत्त्व यातच आहे. ठेका बदलला की व्यायाम बदलतो.

बल आणि दम दोन्ही एकाच वेळी पणाला लावणारा व्यायाम कोणता, हा शेवटचा प्रश्न. त्याचे सर्वांत निर्दय उत्तर वीस आवृत्तींच्या स्क्वॉटमध्ये मिळते. १९३० च्या दशकात मार्क बेरी यांनी अमेरिकेत तो लोकप्रिय केला. रीत अशी : जो भार दहाच वेळा उचलता येतो तो घ्यावा आणि खाली न ठेवता वीस वेळा उचलावा. दहानंतर प्रत्येक आवृत्तीपूर्वी उभ्यानेच तीन-चार खोल श्वास घ्यावेत. त्या श्वासांत स्नायूतील तात्काळ ऊर्जेचा साठा अंशतः भरून येतो आणि आणखी एक आवृत्ती शक्य होते. भार बलाच्या कक्षेतला, अवधी दमाच्या कक्षेतला. श्वास आणि पाय जवळजवळ एकदम संपतात. पहिल्या कलमातील निकष लावला तर पायांच्या व्यायामांत ‘सर्वांत कठीण’ हे विशेषण यालाच सर्वाधिक लागू पडते.

परंतु जे सर्वांत कठीण ते सर्वांत उपयुक्त असेलच असे नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात केवळ बलाचा सराव करणाऱ्या गटाचे बल अखेरपर्यंत वाढत राहिले. बल आणि दम दोन्ही तीव्रतेने करणाऱ्या गटाचे बल आधी वाढले, मग थांबले आणि शेवटच्या आठवड्यांत उतरू लागले. दोन्हींच्या मागण्या स्नायूला भिन्न दिशांना वळवतात. म्हणून दोन्ही हवे असतील तर ते वेगळ्या दिवशी ठेवावेत. एकाच दिवशी करणे भाग असेल तर भार आधी, ताज्या पायांनी, आणि बैठका नंतर. वीस आवृत्तींचा स्क्वॉट आठवड्यातून एकदाच, आणि ज्याला भाराचा सराव आहे त्यानेच.

८. मर्यादा

सराव नसताना एकदम शेकडो बैठका काढल्याने स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडाला अपाय करते. शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशांनीही हे घडते. मांड्या सुजणे, असह्य दुखणे आणि लघवी काळ्या चहासारखी होणे ही लक्षणे. ती दिसताच रुग्णालय गाठावे, मालिश करीत बसू नये. थोड्या बैठकांनी आरंभ करून रोज किंचित वाढवण्याची तालमीतील जुनी रीत याच अनर्थापासून राखते, कारण एकदा सौम्य अवरोह सोसलेला स्नायू पुढचा अधिक अवरोह इजेविना सोसतो.

आकडा कोठे थांबवावा याचा निकष थकवा नव्हे. थकव्याची जाणीव अनियमित असते. ती कधी लवकर येते, कधी उशिरा. निकष खोलीचा. बैठक तळापर्यंत न जाता वर वळली, किंवा आरोहात गुडघे आत झुकले, की ती मोजू नये, आणि तिच्यानंतरची काढू नये. त्या दिवसाचा आकडा तिच्या आधीचा.